सातारा भागात पहिल्यांदाच बटाटा लावताय? बेण्यापासून पट्टीपर्यंत

बटाटा लावायचा म्हटलं की नवखा माणूस पहिला प्रश्न खताचा विचारतो. कुठलं खत, किती पोती, कधी टाकू? माझं म्हणणं, खताचा प्रश्न चौथ्या-पाचव्या नंबरावर ठेवा. या पिकाचं निम्मं नशीब लागवडीआधीच ठरतं: रान कसलं निवडलं आणि बेणं, म्हणजे लावायचा बियाण्याचा बटाटा, कुठून आणलं. उरलेल्यातलं बरंचसं काढणीच्या आसपासच्या पंधरवड्यात ठरतं. मधल्या दोन महिन्यांत राखण करायची, म्हणजे करप्यावर (पानं काळी पाडणाऱ्या रोगावर) नजर आणि पाण्यावर हात.

खाली जे लिहिलंय ते एक-दोन एकरांवर, विकण्यासाठी बटाटा करू पाहणाऱ्यांसाठी आहे. परसात चार वाफे लावायचे असतील तर एवढं सगळं करायची गरज नाही.

## १. आधी हंगाम ठरवा

देशात बटाटा मुख्यतः थंडीत पिकतो. आपल्या पठारी भागात मात्र तो पावसाळ्यातही येतो. खटाव, कोरेगावचा उत्तर भाग, पुसेगावच्या आजूबाजूची गावं इथं खरिपाचा बटाटा जुना आहे. याचं कारण हवेत आहे. बटाट्याला पोसायला रात्री गार लागतात, साधारण १७ ते २० अंश. दिवसाचा पारा ३० च्या वर राहू लागला की झाड नुसतं पाला करतं, खाली गाठी धरत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये ढगाळ हवा, भुरभुर पाऊस आणि निचऱ्याची हलकी जमीन असं जुळून आलं की पीक साधतं.

खरीप: लागवड मृगाचा पाऊस होऊन वाफसा (ना चिखल ना कोरडी अशी बेताची ओल) आल्यावर, फार तर तरणा पाऊस सरेपर्यंत. म्हणजे जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत. काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये.

रब्बी: लागवड ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, काढणी जानेवारी-फेब्रुवारीत. इथं उत्पादन जास्त आणि रोग कमी, पण विहिरीला शेवटपर्यंत पाणी हवं. डिसेंबर सरल्यावर लावलेला बटाटा पोसण्याच्या वेळी उन्हात सापडतो. त्या वाटेला जाऊच नका.

तिसरी सोय कराड, वाळवा, पलूस भागातल्या ऊसकऱ्यांना आहे. पूर्वहंगामी उसाच्या सरीत आंतरपीक म्हणून बटाटा चांगला बसतो, कारण ऊस पहिले तीन महिने सावकाश चालतो. इथला सापळा तणनाशकाचा. उसात सवयीनं मारलं जाणारं टू-फोर-डी किंवा अ‍ॅट्राझिन बटाट्याला जाळतं. फवारणारा माणूस भाड्याचा असेल तर त्याला आधीच बजावून ठेवा आणि पंप धुतला आहे का तेही बघा.

## २. रान

हलकी ते मध्यम, भुसभुशीत, पाणी न थांबणारी जमीन. मुरमाड चालते. कृष्णाकाठची भारी काळी जमीन उसाला सोनं असेल, पण पावसाळी बटाट्याला नाही. पाणी साचतं, गाठींना हवा मिळत नाही, बटाटा वेडावाकडा होतो आणि काढताना चिखलासकट वर येतो. रब्बीत अशा जमिनीत करायचाच असेल तर उंच गादीवाफा आणि ठिबक, एवढाच मार्ग.

मागच्या हंगामात टोमॅटो, वांगी, मिरची किंवा तंबाखू असेल तर ते रान सोडा. ही सगळी बटाट्याचीच भावकी. यांचे रोग मातीत दबा धरून असतात. आल्याचं रान कंदकुजीनं गेलं असेल तर तेही नको, कारण तिथं बहुधा निचऱ्याचा दोष असतो. घेवडा, सोयाबीन, शाळू (रब्बी ज्वारी), गहू यांच्या पाठीमागे बटाटा उत्तम.

नांगरट खोल, उन्हात रान तापू द्यायचं, मग दोन कुळवाच्या पाळ्या. ढेकूळ राहिलं की बटाटा त्याला टेकून वाकडा वाढतो. शेणखत पूर्ण कुजलेलंच टाका. कच्च्या शेणखतातून हुमणी (मातीतली पांढरी अळी) येते. आपल्या भागात हुमणीनं आधीच नाकी नऊ आणलेत आणि बटाट्याला तिनं पाडलेलं भोक बाजारात लपत नाही.

## ३. कागद आणि सामान

कागद:

- सातबारा आणि आठ-अ, आधार, बँक पासबुक, फार्मर आयडी. पीक कर्ज, विमा, अवजारांचं अनुदान यातलं काहीही करायचं तर हेच लागतं.
- माती परीक्षणाचा अहवाल. सातारा बाजूला बोरगावचं आणि कराड बाजूला कालवड्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे. नमुना कसा घ्यायचा ते तिथंच विचारा. खत टाकल्यावर नमुना काढून उपयोग नाही.
- बेण्याचं पक्कं बिल. त्यावर जात, लॉट नंबर आणि वजन. हा कागद सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका हाच लोक घेत नाहीत.
- लागवडीनंतर ई-पीक पाहणीत नोंद. शेवटच्या तारखेची वाट बघू नका, त्या दिवशी अ‍ॅप चालेलच याची खात्री कोण देणार?

सामान: सरी पाडायला ट्रॅक्टरचा रिजर किंवा बैलांचं औत, फवारणी पंप, बेणं पसरायला हवेशीर शेड, धारदार विळे-सुऱ्या, काढणीला डिगर किंवा नांगर, ज्यूटचे किंवा जाळीचे कट्टे, वजनकाटा. आणि मजूर. काढणीच्या आठवड्यात सगळ्या गावाची काढणी एकदमच येते, म्हणून बायांच्या टोळीला आधीच शब्द देऊन ठेवा. सावड करणारी, म्हणजे आलटूनपालटून एकमेकांच्या रानात राबणारी घरं असतील तर सोन्याहून पिवळं.

## ४. बेणं: इथं हात आखडू नका

आपल्याकडचं बहुतेक बेणं पंजाबातून, जालंधरच्या बाजूनं, शीतगृहातून येतं. तिथं ते हिवाळ्यात तयार होतं. त्या काळात मावा (रस शोषणारी बारीक कीड) कमी असतो, म्हणून माव्यातून पसरणारे विषाणूरोग बेण्यात कमी उतरतात. आपल्या हवेत वर्षानुवर्षं घरचंच बेणं धरलं तर पानं चुरडलेली, झाडं खुजी आणि बटाटा गोटीएवढा, असं हळूहळू होत जातं.

जाती. कुफरी ज्योती १९६८ पासूनची, लांबट गोल, उथळ डोळ्यांची, ९० ते १०० दिवसांची; बाजाराला ओळखीची. एके काळी करप्याला दाद न देणारी म्हणून नाव होतं, आता त्या भरवशावर राहू नका. कुफरी पुखराज लवकर येते, उत्पादन भरपूर, पण साल पिवळसर, टिकायला कमी आणि वेफर्सच्या कामाची नाही. कुफरी लवकर नावाप्रमाणे लवकर येणारी. कुफरी चिपसोना वेफर्ससाठी. नावातलं ‘कुफरी’ म्हणजे शिमल्याजवळचं गाव. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था शिमल्याला आहे, त्यामुळे तिथल्या जातींच्या मागे हे नाव लागतं. दुकानदार नुसतं ‘कुफरीचं बेणं आहे’ म्हणाला तर तो काहीच सांगत नाही, असं समजा. कुठली कुफरी, ते विचारा.

टॅग बघायला शिका. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा, पायाभूत बियाण्याचा पांढरा. पोत्यावर छापलेल्या ‘सीड’ या शब्दाला काही किंमत नाही. भाव चढले की खायचा बटाटा चाळून बेणं म्हणून विकणारे उगवतात.

आता हिशेब. सरी ६० सेंटिमीटर आणि दोन बेण्यांत २० सेंटिमीटर धरलं तर एकरात साधारण ३३ हजार बेणी बसतात. बेणं ३० ग्रॅमचं असेल तर १० क्विंटल लागतील, म्हणजे ५० किलोचे २० कट्टे. तेच बेणं ५० ग्रॅमचं निघालं तर न कापता लावायला ३३ कट्टे लागतील. म्हणून भाव विचारताना ‘कट्ट्याला किती’ एवढ्यावर थांबू नका. एक कट्टा उघडायला लावा, मूठभर बटाटे काट्यावर ठेवा आणि सरासरी काढा. स्वस्त कट्टा मोठ्या बेण्याचा असेल तर तो एकराला महाग पडतो.

कट्टा उघडलाय तर चार-पाच बटाटे मधोमध कापूनही बघा. सालीच्या आत थोड्या अंतरावर तपकिरी कडं दिसलं आणि दाबल्यावर त्यातून पांढरट चिकट थेंब आला, तर तो मर रोग आहे. तो माल फुकट दिला तरी घेऊ नका, कारण हा रोग एका पिकापुरता राहत नाही, रानात मुक्कामाला येतो. डोळ्याशी बारीक भोक आणि त्याच्या तोंडाला काळी विष्ठा दिसली तर पाकोळीची (बटाट्यावरच्या बारीक पतंगाची) अळी आत आहे. डोळ्यातून केसासारखे बारीक, लुकडे कोंब आलेत तर तेही बाजूला; त्यातून झाड उभं राहत नाही.

रब्बीवाल्यांसाठी एक खास सापळा. ऑक्टोबरमध्ये खरिपाचा बटाटा काढला आणि त्यातलाच निवडून नोव्हेंबरात लावला, असं सुचतं खरं. पण नुकता काढलेला बटाटा दोन-अडीच महिने झोपेत असतो. त्याला कोंबच येत नाही. रान आठवडेच्या आठवडे रिकामं दिसतं, उगवतं तेही कुठं कुठं, आणि तोवर थंडी निघून जाते. रब्बीलाही शीतगृहातलंच बेणं घ्या.

## ५. बेणं जागं करणं

शीतगृहातून आलेला कट्टा थेट रानात नेऊ नका. थंडीतून उकाड्यात आलेल्या बटाट्याला घाम सुटतो आणि तो तसाच मातीत गेला तर सडतो. १०-१५ दिवस आधी आणा, हवेशीर शेडमध्ये एक-दोन थरांत पसरा. थेट ऊन नको, पण अंधारही नको. मंद उजेडात कोंब आखूड, जाड, हिरवट-जांभळे येतात, अंधारात पांढरे, लांब आणि मोडके. दर दोन-तीन दिवसांनी हात फिरवून सडलेले काढून टाका.

खरिपात शक्यतो बेणं कापू नका, अख्खंच लावा. ओल्या मातीत कापलेली फोड कुजते. रब्बीत मोठं बेणं कापायला हरकत नाही. प्रत्येक फोडीवर दोन-तीन डोळे आणि वजन निदान २५-३० ग्रॅम. कापणाऱ्या प्रत्येक बाईजवळ दोन विळ्या आणि मॅन्कोझेब या बुरशीनाशकाच्या द्रावणाचं भांडं ठेवा. एक विळी भांड्यात, एक हातात. कापताना सडका किंवा कड्याचा बटाटा लागला की विळी बदलायची. फोडी सावलीत एक-दोन दिवस ठेवल्या की कापलेल्या बाजूवर पापुद्रा धरतो, मग लावा.

बेणेप्रक्रिया कोंब फुटण्याआधी, म्हणजे पसरण्याच्या वेळीच उरका. १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम मॅन्कोझेब, दहा मिनिटं बुडवणं, सावलीत सुकवणं. कोंब आल्यावर बुडवाबुडवी केली की निम्मे कोंब टोपलीतच मोडतात.

## ६. खत आणि लागवड

माती परीक्षण असेल तर त्याप्रमाणे. नसेल तर ढोबळ अंदाज म्हणून एकरी ५० ते ६० किलो नत्र (नायट्रोजन), २५ ते ३० किलो स्फुरद (फॉस्फेट), ५० किलोच्या आसपास पालाश (पोटॅश). निम्मं नत्र आणि बाकी सगळं लागवडीला, उरलेलं नत्र महिन्यानं वरंब्याला मातीची भर देताना. हे किलो अन्नद्रव्याचे आहेत, खताच्या गोणीचे नव्हेत. युरियात नत्र ४६ टक्केच असतं, तेवढा हिशेब दुकानदारावर न सोडता स्वतः करा.

पिकाला पिवळेपणा दिसला की शेजारी सांगतो, ‘टाक की अजून एक पोतं युरिया.’ टाकू नका. पाला कमरेला लागतो, बघणारा वाहवा करतो आणि खाली बटाटा उशिरा धरतो. शिवाय दाट पाल्यात करप्याला घर मिळतं.

सरीचं अंतर ठरवण्याआधी काढणीला कुठला डिगर मिळणार ते विचारा. हे वाक्य दोनदा वाचा. सरी एका मापाची आणि डिगर दुसऱ्या मापाचा असेल तर ट्रॅक्टरचं चाक वरंब्यावर चढतं आणि फाळ बटाटे कापत जातो. बैलानं काढणार असाल तर ४५ पासून ६० सेंटिमीटरपर्यंत कुठलंही अंतर चालतं.

बेणं चार बोटं मातीखाली, कोंब वर. रान वाफशावर असावं. चिखलात लावणं आणि कोरड्यात लावून वरून भिजवणं, दोन्ही वाईट. उतार असेल तर सऱ्या उताराला आडव्या, पण शेवटाला पाणी निघून जायला चर हवाच.

## ७. भर आणि पाणी

दोन-अडीच आठवड्यांत उगवण पूर्ण दिसली पाहिजे. झाडं वीतभर झाली, म्हणजे साधारण २५-३० दिवसांनी, खुरपणी करून उरलेलं नत्र द्या आणि वरंब्याला मातीची भर लावा. बटाटा हे मूळ नाही, जमिनीखालच्या खोडाला धरलेली गाठ आहे. त्या खोडावर माती जितकी, तितकी गाठींना जागा. भर कमी पडली की वरचे बटाटे उघडे पडतात, उन्हानं हिरवे होतात. हिरव्या बटाट्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं. तो खाण्याचाही नाही आणि विकण्याचाही नाही. पाकोळीसुद्धा उघड्या बटाट्यावर अंडी घालते. एका भरीत दोन्ही दुखणी टळतात.

पाण्याची एकच शिस्त: ताण आणि पूर असं आलटूनपालटून नको. गाठी धरायच्या वेळी, म्हणजे लागवडीनंतर महिनाभराच्या आसपास, ताण पडला तर बटाट्यांची संख्या घटते. पोसताना आधी ताण आणि मग एकदम भरपूर पाणी मिळालं तर बटाटा तडकतो, बोटं फुटल्यासारखा होतो किंवा आतून पोकळ निघतो. पाटपाणी दिलं तर सरी निम्मीच भरा, वरंब्याचा माथा बुडू देऊ नका. खरिपात पावसानं दोन आठवडे दडी मारली आणि विहिरीला पाणी असेल तर एक हलकी पाळी द्यायला कचरू नका. खटाव-माणच्या लोकांना ही दडी नवी नाही.

## ८. करपा, मर, पाकोळी

उशिराचा करपा हा यातला सगळ्यात वाईट. सलग ढगाळ हवा, धुकं, पानं दिवसभर ओली आणि पारा १० ते २० अंशांच्या दरम्यान असला की तो येतो. सकाळी लवकर रानात जा, खालची पानं उलटून बघा. वरच्या बाजूला पाण्यात भिजल्यासारखा काळपट डाग आणि खालच्या बाजूला त्याच्या कडेनं पांढरी भुरी लव दिसली तर तोच. चार-पाच दिवसांत रान उकडल्यासारखं होतं आणि वास सुटतो. डाग दिसण्याआधी, हवा बिघडली की मॅन्कोझेब १० लिटरला २५ ग्रॅम फवारा. डाग दिसल्यावर नुसत्या मॅन्कोझेबनं भागत नाही, सायमॉक्झॅनिल आणि मॅन्कोझेबचं मिश्र बुरशीनाशक घ्यावं लागतं. मात्रा लेबलवर वाचा. पुन्हा पुन्हा एकच औषध नको.

लवकरच्या करप्याचे डाग कोरडे, तपकिरी, एकात एक वलयं असलेले असतात. हा इतका झपाट्यानं पसरत नाही. दोन्हींतला फरक ओळखता आला की फवारण्यांचा खर्च कमी होतो.

हिरवंगार झाड दुपारी अचानक मान टाकतं, संध्याकाळी सावरल्यासारखं वाटतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच, तर मर असू शकते. खात्री करायला त्या झाडाचं खोड जमिनीलगत कापा आणि कापलेलं टोक काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात टांगून धरा. दोन-चार मिनिटांत टोकातून दुधासारखी बारीक धार खाली उतरताना दिसली तर मर नक्की. याला फवारणीचा इलाज नाही. झाड गाठींसकट उपटून रानाबाहेर न्या, त्या सरीचं पाणी पुढं जाऊ देऊ नका, आणि त्या रानात पुढची काही वर्षं फक्त ज्वारी-मका-गहू घ्या. बांधावर टाकलेलं रोगट झाड पावसाच्या पाण्याबरोबर परत रानातच येतं, हे लोक विसरतात.

पाकोळीसाठी भर आणि कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढून पकडणारे). खरी काळजी मात्र काढणीनंतर, ती पुढे.

## ९. काढणी: घाई इथंच नडते

भाव चढलेला दिसला की हात शिवशिवतात. पण कच्च्या सालीचा बटाटा पोत्यात भरला की पुण्याला पोचेपर्यंत सालपटं निघून काळा पडतो आणि व्यापारी त्याला बदला, म्हणजे खराब माल, म्हणून बाजूला सारतो.

पाला पिवळा पडून लोळायला लागला की पाणी तोडा. रब्बीत काढणीच्या १०-१५ दिवस आधी पाणी बंद. काढणीच्या ८-१० दिवस आधी पाला जमिनीलगत कापून रानाबाहेर न्या. या दिवसांत साल घट्ट होते आणि करप्याचे बीजाणू पाल्यावरून बटाट्यावर उतरायची भीतीही कमी होते. मग चार ठिकाणचे बटाटे उकरून अंगठ्यानं जोरात चोळा. साल सरकली तर अजून थांबा, नुसती माती निघून साल जागेवर राहिली तर काढणी लावा.

खरिपाला या हिशेबात हस्ताचा पाऊस मोडता घालतो. सप्टेंबरच्या शेवटापासून पुढे परतीचा पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही. पाला कापून झाला आणि मुसळधार आला तर सऱ्यांतलं पाणी त्याच दिवशी काढून द्या आणि वाफसा येईपर्यंत हात लावू नका. ओल्यात काढलेला बटाटा चिखलानं माखतो, ढिगात तापतो आणि एक सडका शेजारच्या दहांना घेऊन जातो. पाऊस येणार म्हणून रात्रीतून काढायचा मोह होतो, तेव्हा ओला माल ठेवायला जागा कुठाय, एवढं आधी बघा.

काढणी सकाळी ऊन चढण्याआधी सुरू करावी. डिगर वरंबा उचलतो, जाळीवर माती झडते आणि बटाटे मागे ओळीत पडत जातात. मागून बाया वेचत येतात. ट्रॅक्टरवाल्याला वेग कमी ठेवायला सांगा, त्याला पुढच्या रानात जायची घाई असते. फाळ उथळ लागला तर बटाटे कापतात, खोल लागला तर ढेकळंच जास्त येतात. पहिली सरी काढून थांबा, किती कापले ते मोजा, फाळ नीट करा, मगच पुढे. वेचताना टोपलीत लांबून फेकणं बंद. आत लागलेला मार वरून दिसत नाही, आठवड्यानं काळा डाग होऊन बाहेर येतो.

आणि पाकोळी. वेचलेला बटाटा रात्रभर रानात उघडा ठेवू नका. ही पाकोळी संध्याकाळी उडते आणि रात्रीत ढिगावर अंडी घालते. त्याच पिकाचा ओला पाला ढिगावर झाकणारे बहाद्दरही आहेत. पाल्यातली अळी पाला सुकला की सरळ खालच्या बटाट्यात उतरते.

## १०. आरण आणि निवड

काढलेला माल झाडाच्या सावलीत किंवा शेडमध्ये कमरेएवढ्या उंचीच्या ढिगात ठेवा, वर उसाचं कोरडं पाचट किंवा वाळलं गवत. याला आपल्याकडे आरण लावणं म्हणतात. आठ-दहा दिवसांत साल पक्की होते, बारीक ओरखडे भरून येतात, आणि जे सडायचं ते इथंच कळतं. जास्त उंच ढीग केला तर मध्ये उष्णता धरते.

मग निवड. मोठा, मध्यम, गोटी वेगळी. हिरवा, फुटका, कापलेला, अळीचा बदला वेगळा. नावं बाजारागणिक बदलतात. मोठ्या मालात थोडा गोटीमाल दडपून कट्टा भरायची हुशारी करू नका. अडत्या कट्टा पालथा करतो आणि सगळ्या लॉटचा भाव गोटीवरून ठरतो. माती पाण्यानं धुऊ नका, सुकी झटका.

## ११. विक्री आणि पट्टी

जवळचे पर्याय साताऱ्याची बाजार समिती, सांगलीचं विष्णुअण्णा फळ मार्केट, कोल्हापूर. लांबचे पुणे मार्केट यार्ड आणि वाशी. लांबच्या बाजारात भाव वर दिसतो, पण भाडं, हमाली, तोलाई आणि वाटेतली घट वजा करून तोच भाव पुन्हा बघा. थोडा माल असेल तर गावातल्या दोघा-तिघांनी मिळून गाडी भरावी.

स्वतःचा तोट्याचा भाव आधी काढून ठेवा. समजा, एकरी सगळा खर्च १ लाख रुपये झाला आणि विकण्याजोगा माल ८,००० किलो निघाला, तर किलोला साडेबारा रुपये ही तुमची पायरी. हे आकडे नमुन्याचे आहेत, त्या जागी तुमचे घाला. घरच्या माणसांची मजुरी खर्चात धरायला विसरू नका. उत्पादन सांगायची आपली रीत ‘एकाला किती’ अशी आहे: एका कट्टा बेण्याला दहा-बारा कट्टे निघाले तर पीक साधलं. पाच-सहावर आलं तर बेण्याचा खर्चच अंगावर येतो.

वेफर्स कंपन्यांचा करार हा दुसरा मार्ग. बेणं कंपनी देते, भाव आधी ठरतो. करारात तीन गोष्टी सही करण्याआधी वाचा. किती मिलिमीटरखालचा माल नाकारणार, हिरवा-फुटका किती टक्क्यांवर कपात आणि कपात कुणाच्या काट्यावर ठरणार. वेफर्सला कोरडा अंश जास्त आणि साखर कमी लागते. म्हणून तिथं युरियाचा मारा आणि शेवटच्या दिवसांतलं पाणी थेट कपातीत दिसतं. हा माल साध्या शीतगृहात २ ते ४ अंशांवर ठेवला तर साखर वाढते आणि वेफर तळताना तांबडा होतो. म्हणून आधी ठेवून मग कंपनीला देऊ, हा बेत करू नका. बाजारभाव कराराच्या वर गेला की गावात कुजबुज सुरू होते. त्या वेळी काय करायचं हे तुमचं तुम्ही ठरवा, पण कंपनीचं बेणं घेतलेलं असतं हे ध्यानात ठेवा.

पट्टी, म्हणजे अडत्यानं दिलेला विक्रीचा हिशेब, हातात पडली की तिथंच उभं राहून वाचा. कट्टे किती, वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई किती कापली, आणि ज्याचं नाव तुम्हाला कळत नाही अशी एखादी कपात आहे का. विचारायचं ते तिथंच. घरी येऊन फोनवर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. उधारीवर माल देत असाल तर पट्टीवर तारीख लिहून घ्या.

काढणीनंतर एक पाळी कुळवाची मारून रानात राहिलेले बटाटे वेचून घ्या. ते राहिले की पुढच्या पिकात आपोआप उगवतात आणि मावा, करपा, मर सगळ्यांना तिथंच आसरा मिळतो. वेचून झालं की खरिपाच्या रानात शाळू पेरायला घात (पेरणीजोगी ओल आणि वेळ) अजून असते. त्या तुकड्यात बटाटा पुन्हा निदान दोन वर्षं तरी नको. पुढच्या खरिपाला तिथं घेवडा घ्या आणि बटाट्याला दुसरं रान धरा.